वादळाच्या मागावर

आकाशाकडे पाहून पुढची चाहूल घेण्याची खोड माणसाला फार जुनी आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याने सहदेव-भाडळीची वचने पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपली, ती केवळ करमणूक म्हणून नव्हे. किनाऱ्यावरील कोळ्याने खाऱ्या वाऱ्याची आणि मतलई वाऱ्याची वेळ ध्यानात ठेवली, कारण त्याच्या संसाराची दोरी त्या वाऱ्यांच्या हाती होती. विसाव्या शतकाने या जुन्या विद्येला यंत्रांची जोड दिली आणि एकविसाव्या शतकाने त्या यंत्रांनी टिपलेली चित्रे घराघरांत आणून सोडली. त्यातून वादळांचा माग काढणाऱ्या हौशी माणसांची एक नवी जमात उदयाला आली आहे. दूर समुद्रात कोठे कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले, की या मंडळींची झोप उडते. उपग्रहाचे नवे चित्र दर अर्ध्या तासाने पाहावे, ढगांचे वेटोळे आवळले की सैलावले हे ताडावे, हवेचा दाब किती उतरला याचा हिशेब मांडावा आणि तो समानधर्मी मित्रांना कळवावा, हा त्यांचा नित्यक्रम होऊन बसतो. अटलांटिक महासागरातील हरिकेन असो, पॅसिफिकमधील टायफून असो किंवा अरबी समुद्रातील चक्रीवादळ असो, त्यांचे कुतूहल सारखेच जागे असते.

दादरा व नगर हवेलीतील सिल्वासा, म्हणजे जुन्या मराठी लिखाणातील सेलवास, हे गाव डोळ्यांसमोर आणले, तर तेथे अशा मंडळींचे काय काम, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडेल. २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीज अमलातून मुक्त झालेले हे गाव समुद्रकाठचे नाही. वारली, कोकणा, धोडिया यांच्या पाड्यांनी वेढलेले आणि अलीकडच्या काळात कारखान्यांनी गजबजलेले हे स्थळ किनाऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटर आत आहे. लाटांचा आवाज तेथे ऐकू येत नाही. तथापि समुद्र दिसत नाही म्हणून तो दूर आहे, असे मानणे धोक्याचे ठरते. गावाजवळून वाहणारी दमणगंगा नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीत उगम पावते, मधुबन धरणात साठते आणि सिल्वाशावरून पुढे दमणला समुद्राला मिळते. समुद्रातून उठलेले वादळ घाटमाथ्यावर जो पाऊस ओतते, तो याच वाटेने समुद्राकडे परत जातो. अशा रीतीने वादळ पश्चिमेकडून आले, तरी त्याचे पाणी पूर्वेकडून दाराशी येऊ शकते.

आणखीही एक गोष्ट आहे. दादरा व नगर हवेली २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्यासह एकाच केंद्रशासित प्रदेशात समाविष्ट झाली. या प्रदेशासाठी हवामानाचा अंदाज अहमदाबादच्या केंद्रातून गुजरातबरोबर दिला जातो. उलट लगतच्या तलासरी, डहाणू, जव्हार या तालुक्यांसाठी तो मुंबईहून येतो. वादळाला या सीमा ठाऊक नसतात. सीमेच्या दोहों बाजूंना सोयरीक, बाजार आणि रोजगार यांचे जाळे पसरलेले असल्यामुळे सिल्वाशातील माणसाला दोन्ही पत्रके वाचावी लागतात. एका पत्रकात नारिंगी रंग आणि दुसऱ्यात तांबडा, असे दिसले, तर त्यातून आपल्या पाड्यासाठी नेमका अर्थ कोणता घ्यावा, हे सांगणारा जाणकार गावात असणे ही चैन नसून गरज ठरते. हौशी निरीक्षकाचे खरे स्थान येथे आहे.

या हौसेची परीक्षा पाहणारे वादळ मे २०२१ मध्ये आले. त्याचे नाव तौक्ते. हे नाव म्यानमारने सुचविलेले, आणि त्याचा अर्थ एका जातीची पाल. १३ मे रोजी लक्षद्वीपजवळच्या समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र दिसू लागले. १४ तारखेला त्याची तीव्रता वाढली आणि त्याच रात्रीपर्यंत त्याचे चक्रीवादळ झाले. पुढे ते किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत गेले; केरळ, कर्नाटक, गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी असा एकेक टापू त्याच्या पावसाखाली आला. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान तीस अंशांच्या घरात होते आणि त्या उष्णतेवर वादळ दर प्रहराला पोसले जात होते. १७ मेच्या पहाटेपर्यंत ते अत्यंत तीव्र चक्रीवादळाच्या श्रेणीत पोचले. अवघ्या तीन दिवसांत एका साध्या ढगाळ पुंजक्याने हे रूप धारण केले. त्या दिवशी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला. चोवीस तासांत कुलाबा आणि सांताक्रुझ या दोन्ही ठिकाणी २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, आणि तोही मे महिन्यात. त्याच रात्री दीवजवळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर ते आदळले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १६० ते १७० किलोमीटर होता. गीरच्या केसर आंब्याच्या बागांचे त्या एका रात्रीत अतोनात नुकसान झाले.

सिल्वाशाच्या दृष्टीने हे वादळ दीडशे-दोनशे किलोमीटर पश्चिमेकडून निघून गेले. परंतु ते जाईपर्यंत ते तसेच जाईल, हे कोणी शपथेवर सांगू शकत नव्हते. उत्तरेकडे सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या हाताला किनारा होता, आणि उत्तर गोलार्धात चक्रीवादळाची उजवी बाजूच अधिक मारक असते. याचे कारण सोपे आहे. तेथे वादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे उजव्या बाजूला वाऱ्याचा स्वतःचा वेग आणि वादळाच्या पुढे सरकण्याचा वेग यांची बेरीज होते, तर डाव्या बाजूला वजाबाकी. वादळाचा मार्ग पूर्वेकडे थोडासा झुकला असता, तर दमणच्या जेट्टीपासून सिल्वाशाच्या कारखान्यांवरील पत्र्यांपर्यंत सर्वांनाच त्याची झळ पोचली असती. त्यातच करोनाच्या दुसऱ्या लाटेने माणसे घरात कोंडली गेली होती. मुंबईत तात्पुरत्या रुग्णालयांतील शेकडो रुग्णांना वादळापूर्वी अन्यत्र हलवावे लागले. अशा वेळी भ्रमणध्वनीवर आलेली एक ओळ माणसाला धीर देऊ शकते, तशीच घाबरवूनही सोडू शकते.

वादळ एकाएकी बळावते म्हणजे नेमके काय होते, हे पाहणे येथे उपयुक्त ठरेल. शास्त्रज्ञांनी त्यासाठी एक माप ठरविले आहे. चोवीस तासांत वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ५५ किलोमीटरने किंवा त्याहून अधिक वाढला, की वादळ झपाट्याने तीव्र झाले असे मानतात. चुलीवरच्या आधणातून वाफ उठते तेव्हा ती चुलीची उष्णता आपल्यासोबत घेऊन जाते, आणि झाकणावर तिचे पाणी झाले की ती उष्णता झाकणाला देऊन टाकते. समुद्रावर हीच क्रिया प्रचंड प्रमाणावर चालते. साडेसव्वीस अंशांहून अधिक उष्ण पाण्याची वाफ वर जाते, उंचावर तिचे पाणी होते, आणि त्यातून मोकळी झालेली उष्णता भोवतालची हवा तापवून आणखी वर ढकलते. खाली दाब उतरतो, आजूबाजूची हवा ती पोकळी भरण्यासाठी धावते, पृथ्वीच्या परिवलनामुळे ती वळते आणि येता येता आणखी बाष्प घेऊन येते. उष्ण पाण्याचा थर खोलवर असेल आणि वरच्या हवेतील वारे या उभ्या ढगाला आडवे येऊन मोडत नसतील, तर या गाड्याला अडविणारे काही उरत नाही. मग मध्यभागी डोळा उघडतो. त्या डोळ्यात वारा शांत असतो आणि भोवतालच्या ढगांच्या भिंतीत मात्र त्याचे उग्र स्वरूप प्रकट होते.

वाऱ्याच्या आकड्यातील वाढ कागदावर जेवढी दिसते, तेवढीच ती घरावर पडत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर भिंतीवर आणि छपरावर पडणारा त्याचा दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात तग धरणारे पत्र्याचे छप्पर १२० किलोमीटरच्या वाऱ्यात उडून जाते ते यामुळेच. संध्याकाळी एका श्रेणीत असलेले वादळ पहाटे दुसऱ्या श्रेणीत गेलेले आढळले, तर लोकांनी संध्याकाळी केलेली तयारी पहाटेच्या वादळाला पुरत नाही. भारतीय हवामान विभागाची इशाऱ्याची पद्धत बहात्तर तास, अठ्ठेचाळीस तास, चोवीस तास आणि बारा तास अशा टप्प्यांनी बांधलेली आहे. एकाएकी बळावणारे वादळ या पायऱ्यांपैकी एखादी गिळूनच टाकते.

अटलांटिकमध्ये याचे भयंकर उदाहरण ७ ऑक्टोबर २०२४ रोजी घडले. मेक्सिकोच्या आखातातील मिल्टन नावाचे हरिकेन त्या एका दिवसात सर्वांत खालच्या श्रेणीतून सर्वांत वरच्या, म्हणजे पाचव्या श्रेणीत गेले. मायामीचे अनुभवी हवामानतज्ज्ञ जॉन मोरालेस दूरचित्रवाणीवर वार्ता देत होते. दहा तासांत दाब ५० मिलिबारने उतरला, हा आकडा उच्चारताना त्यांचा कंठ दाटून आला आणि त्यांनी प्रेक्षकांची क्षमा मागितली. जगभरातील हौशी निरीक्षकांनी तोच आकडा त्याच वेळी आपापल्या पडद्यावर पाहिला होता. अनेकांना तो विक्रम वाटला असेल. मोरालेस यांना त्या आकड्यामागे फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरची माणसे दिसत होती. आकडा एकच होता. त्याकडे पाहणाऱ्यांच्या दृष्टीत अंतर होते. वादळाचा माग काढणाऱ्या प्रत्येकाला आज ना उद्या या अंतराचा विचार करावा लागतो.

कारण या छंदात एक मोह दडलेला आहे. डोळा रेखीव उघडावा, दाब आणखी उतरावा, वादळाने विक्रम करावा, अशी एक अव्यक्त इच्छा पाहणाऱ्याच्या मनात डोकावते. क्रिकेटचा शौकीन जसा शतकाची वाट पाहतो, तसा हा माणूस पुढच्या श्रेणीची वाट पाहू लागतो. निसर्गाच्या विराट रूपाचे आकर्षण माणसाला वाटावे यात गैर काही नाही. हिमालयाचे वाटते, धबधब्याचे वाटते, तसे वादळाचेही वाटते. परंतु धबधबा आपल्या जागेवर असतो आणि वादळ चालून येत असते. त्याच्या वाटेवर होड्या असतात, कौलारू घरे असतात, उघड्यावर रचलेल्या पेंढ्याच्या उडव्या असतात, झाडावरचा आंबा असतो. तौक्तेच्या वेळी मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रात तेलविहिरींच्या कामावर असलेली पी-३०५ ही निवासी नौका नांगर तुटून वाहवत गेली आणि १७ मेच्या सायंकाळी बुडाली. त्या नौकेवर २६१ माणसे होती, आणि वरप्रदा नावाच्या दुसऱ्या नौकेवर १३. नौदल आणि तटरक्षक दलाने त्या खवळलेल्या समुद्रातून १८८ जणांना वाचविले. ८६ जण प्राणांस मुकले. उपग्रहाच्या चित्रात ही दोन्ही जहाजे दिसत नव्हती. चित्रात केवळ एक देखणे, पांढरेशुभ्र, वाटोळे वादळ होते.

मोह दुसऱ्या प्रकारचाही असतो, आणि तो सर्वांआधी बातमी देण्याचा होय. आज युरोपीय व अमेरिकी संगणकांवर तयार झालेले दहा-दहा दिवसांचे अंदाज कोणालाही पाहता येतात. त्यांपैकी एखाद्या अंदाजात आठव्या दिवशी मुंबईसमोर किंवा दमणसमोर वादळ उभे असते. सहा तासांनी तोच संगणक ते ओमानला नेऊन ठेवतो. पहिले चित्र मात्र तेवढ्या अवधीत हजारो लोकांपर्यंत पोचलेले असते, आणि दुसऱ्याकडे कोणी पाहत नाही. अनुभवी निरीक्षक एका चित्रावर कधीच विसंबत नाही. अंदाजातील वादळाच्या मार्गाभोवती शंकूच्या आकाराचा जो पट्टा आखलेला असतो, तो तो मन लावून पाहतो, कारण मधली रेषा ही केवळ सोय असून खरा अंदाज तो पट्टाच असतो. चोवीस तास आधी दिलेल्या अंदाजातही वादळाच्या स्थानात सत्तर-पाऊणशे किलोमीटरांचा फरक पडणे ही सामान्य गोष्ट आहे.

जून २०२० मधील निसर्ग वादळाने हे पुरेपूर दाखवून दिले. रायगडमधील हरिहरेश्वर ते दमण या किनारपट्टीत ते धडकेल, असा प्रारंभीचा अंदाज होता. साहजिकच दमणबरोबर दादरा व नगर हवेलीलाही सावधगिरीचा इशारा मिळाला. ३ जूनच्या दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. ते ईशान्येकडे सरकत असल्यामुळे त्याची उजवी बाजू श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागावर आली. तेथील नारळी-पोफळीच्या बागा मुळापासून उन्मळून पडल्या. पिढ्यांची कमाई एका दुपारी भुईसपाट झाली. डाव्या बाजूला असलेली मुंबई बरीचशी बचावली, आणि तेथून आणखी दूर असलेले सिल्वासा तर पुष्कळच सुटले. यावर सिल्वाशात कोणी म्हणाले असेल की उगाच घाबरवले. वस्तुतः इशारा खोटा ठरला नव्हता. इशाऱ्याच्या पट्ट्यातील एका टोकाला वादळ आले होते, इतकेच. एका गावाची सुटका ही दुसऱ्या गावाची विपत्ती होती.

त्याआधी, २०१७ साली, ओखी वादळाने याहून विलक्षण धडा दिला होता. नोव्हेंबरच्या अखेरीस कन्याकुमारीजवळ त्याने इतक्या थोड्या अवधीत जोर धरला, की आधीच समुद्रात गेलेल्या केरळ व तमिळनाडूच्या मच्छीमारांना परतण्यास वेळच मिळाला नाही. शेकडो घरांतील कर्ते पुरुष परत आले नाहीत. तेच वादळ अरबी समुद्रातून मोठा वळसा घेऊन दक्षिण गुजरातच्या रोखाने निघाले. पाणी थंड होत गेले, वरचे वारे प्रतिकूल झाले, आणि ६ डिसेंबरच्या सुमारास सुरत व डहाणू यांच्या दरम्यान, म्हणजे सिल्वाशाच्या अगदी उंबरठ्यावर, ते पोचले तेव्हा त्याचे केवळ पावसाळी ढग उरले होते. ज्याने दक्षिणेत हाहाकार केला, त्याने उत्तरेत हिवाळी पाऊस दिला. वादळ बळावते तसे ते विरतेही. बळावल्याची बातमी जितक्या तत्परतेने दिली जाते, तितक्याच तत्परतेने विरल्याचीही दिली गेली पाहिजे. लांडगा आला रे आला, ही हाकाटी वारंवार झाली की खरा लांडगा येतो तेव्हा दार लावायला कोणी उठत नाही.

हौशी माणसांनी हे शास्त्र केवळ बिघडवलेच, असे मात्र कोणी समजू नये. किंबहुना सायक्लोन हा शब्दच एका हौशी माणसाची देणगी आहे. हेन्री पिडिंग्टन हा कलकत्त्यातील सागरी न्यायालयाचा अध्यक्ष. त्याने बंगालच्या उपसागरातून आलेल्या जहाजांच्या रोजनिशा गोळा केल्या, कोणत्या तासाला कोठे कोणता वारा होता हे नकाशावर मांडले, आणि वादळ म्हणजे सापाच्या वेटोळ्याप्रमाणे फिरणारा वारा आहे, हे पाहून १८४८ मध्ये त्याला ग्रीक भाषेवरून हे नाव दिले. पुढे मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचा बेत सरकारने आखला. १८५३ मध्ये पिडिंग्टनने गव्हर्नर जनरलला पत्र लिहून बजावले, की तेथे एक दिवस वादळाबरोबर समुद्र आत शिरेल. त्याचे कोणी ऐकले नाही. कॅनिंग बंदर बांधले गेले, आणि १८६७ च्या वादळाने ते उद्ध्वस्त केले. पिडिंग्टन त्यापूर्वीच, १८५८ मध्ये, निवर्तला होता. अटलांटिकच्या बाजूला क्यूबातील हवाना येथे बेनितो विन्येस या जेझुइट पाद्र्याने उंच ढगांच्या दिशेवरून हरिकेनचा अंदाज बांधण्याची रीत बसविली आणि सप्टेंबर १८७५ मध्ये आपला पहिला इशारा प्रसिद्ध केला. या दोघांनीही पुष्कळ पाहिले आणि बेतानेच बोलले. पण बोलण्याची वेळ आली तेव्हा ते गप्प राहिले नाहीत.

त्या काळी इशारा देणारा असला तरी ऐकणाऱ्यापर्यंत तो पोचत नसे. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघालेली वैतरणा ही आगबोट, जिला लोक विजळी म्हणत, सौराष्ट्राच्या किनाऱ्यापुढे वादळात सापडली आणि शेकडो उतारूंसह नाहीशी झाली. तिला परत बोलावण्याचे कोणतेच साधन किनाऱ्यावरील माणसाजवळ नव्हते. आज साधनांची वाण नाही. आकाशात भारताचे इन्सॅट मालिकेतील उपग्रह आहेत, मुंबईत डॉप्लर रडार आहेत. अटलांटिकमध्ये विमाने थेट वादळाच्या डोळ्यात जाऊन दाब मोजतात. अरबी समुद्रात तशी नियमित सोय नसल्यामुळे ढगांच्या आकृतीवरूनच त्याच्या बळाचा अंदाज करावा लागतो. अमेरिकेतील व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७० च्या दशकात बसविलेली ही पद्धत जगभर वापरली जाते. ती उत्तम असली, तरी तिने दिलेला आकडा हा अंदाज असतो, प्रत्यक्ष मोजमाप नव्हे. हौशी निरीक्षकाने हे एवढे जरी आपल्या श्रोत्यांना समजावून सांगितले, तरी निम्म्या अफवांचे पाय तेथेच लुळे पडतील.

मग सिल्वाशासारख्या गावातील निरीक्षकाने करावे तरी काय? त्याने हवामान विभागाशी स्पर्धा करू नये. सरकारी पत्रक शहरी आणि शास्त्रीय भाषेत असते. त्याचे गावच्या बोलीत रूपांतर करणे हे त्याचे पहिले काम. ताशी ८० किलोमीटरचा वारा म्हणजे काय, हे पाड्यावरच्या म्हाताऱ्या बाईला आकड्याने कळणार नाही. पत्र्यावर दगड ठेवून भागणार नाही, तो तारेने बांधावा लागेल, पेंढा झाकावा लागेल, गुरे झाडाखाली बांधू नयेत, रात्री नदीच्या फरशीवरून जाऊ नये, असे सांगितले म्हणजे कळेल. मराठी, गुजराती, वारली, कोकणी अशा अनेक भाषा एका बाजारात बोलल्या जाणाऱ्या या मुलुखात असे सांगणारा माणूस लाखमोलाचा. दुसरे काम नोंदीचे. अंगणात साधे पर्जन्यमापक मांडून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजावा आणि वही ठेवावी. खानवेलला किती पडला आणि सिल्वाशात किती, हे उपग्रहापेक्षा ती वही अधिक नेमके सांगते. दहा वर्षांची अशी वही शास्त्रज्ञालाही उपयोगी पडते. तिसरे काम मौनाचे आहे. जे निश्चित ठाऊक नाही ते पुढे पाठवू नये, आणि पाठवलेच तर त्याबरोबर वेळ, तारीख व मूळ ठिकाण लिहावे. कालचे चित्र आज फिरू लागले, तर त्याची अफवा होते.

हे सारे आज अधिक निकडीचे झाले आहे, याचे कारण खुद्द अरबी समुद्र. फार काळ तो बंगालच्या उपसागराच्या मानाने सौम्य समजला जात असे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळून आले, की १९८२ पासूनच्या नोंदी पाहता २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आधीच्या काळाच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली, आणि त्यांचा एकूण मुक्काम ८० टक्क्यांनी लांबला. पाणी तापत आहे आणि त्या उष्णतेवर वादळे अधिक वेगाने पोसली जात आहेत. जून २०२३ मधील बिपरजॉय वादळ तर बरेच दिवस समुद्रावर ठाण मांडून होते. त्या अवधीत ते कधी बळावले, कधी सैलावले, आणि कराचीकडे जाईल की गुजरातकडे, याविषयी तर्क लढवले गेले. अखेर १५ जूनला ते कच्छमधील जखौजवळ किनाऱ्यावर आले. तोवर लाखाहून अधिक माणसे सुरक्षित स्थळी हलविली गेली होती, आणि वादळाच्या उग्रतेच्या मानाने प्राणहानी अत्यल्प झाली. इशारा वेळेवर मिळाला, तो समजला आणि मानला गेला, की काय साधते, याचा हा पुरावा होय.

समजणे आणि मानणे हे मधले दोन टप्पे कोणत्याही उपग्रहाला पार करता येत नाहीत. ते माणसानेच पार करावयाचे असतात, आणि ज्याच्यावर गावाचा विश्वास आहे अशाच माणसाचे त्यात चालते. हा विश्वास वादळाच्या दिवशी मिळत नाही. चार पावसाळे ज्याने खरे सांगितले, अंदाज चुकला तेव्हा ज्याने तो चुकला असे स्पष्ट म्हटले, ज्याने संकट टळल्यावरही लोकांना तसे आवर्जून कळवले, त्याच्या शब्दाला पाचव्या पावसाळ्यात वजन येते. आकाशाचे वेड लागलेल्या माणसाने रात्र रात्र जागावे, वादळाच्या डोळ्याकडे कौतुकाने पाहावे. त्याची हौस कोणी हिरावून घेऊ नये. मात्र पहाटे दाब उतरल्याचे दिसले, की त्याने आधी हवामान विभागाचे पत्रक उघडावे, ते पडताळून पाहावे, आणि मग शेजारच्या पाड्यावर फोन लावून पत्रे बांधले का, एवढे विचारावे.